नावाची बाजू वर

११ मार्च
तिनं वीट उचलून फुंकर मारली, तिथंच माझं सगळं बदललं.

दुसऱ्या वर्षाचं सर्व्हेचं प्रॅक्टिकल होतं. सावेडीत एका पाडलेल्या बंगल्याशेजारी आम्ही टेप धरून उन्हात उभे. रेवती वाकली, ढिगातून एक वीट काढली, फुंकली, ओढणीनं पुसली आणि माझ्या तोंडासमोर धरली. "वाच." विटेच्या खळग्यात उठून आलेली अक्षरं : गुलाब. कुठल्या तरी भट्टीवाल्यानं साच्यात कोरलेली. "प्रत्येक भट्टीचा छाप वेगळा असतो. मी जमवते. कॉटखाली ठेवल्यात." मी म्हणालो, "वीट म्हणजे वीट." तिनं असं बघितलं की सिव्हिलला आपण आलोच कशाला, असं मला पहिल्यांदा वाटलं. संध्याकाळी ती वीट गाडीच्या डिकीत घालून होस्टेलच्या दारापर्यंत पोचवली. वरून म्हणाली, "आपटू नकोस हं संद्या, वीट आहे म्हणून."

आज हे लिहायचं कारण, आज मामाच्या टेम्पोत तशीच एक सापडली. गुलाब. आपल्याकडे ही आहे, असं मोठ्यानं म्हणालो. 'आपल्याकडे'. टेम्पोत मी एकटाच.

१५ मार्च
रेवतीला यापुढं नुसतं रे. लिहिणार. पूर्ण नाव लिहिलं की पुढचं सुचत नाही.

पप्पा आज जेवताना मम्मीला म्हणाले, "त्याला विचार, भात वाढू का." मी समोरच बसलेलो. कॉलेज सोडल्यापासून असंच चाललंय. सरकारी नोकरीत जन्म काढलेला माणूस, पोराला डिप्लोमाला घातलं, आणि पोरगं मामाच्या सिमेंटच्या दुकानात टेम्पो चालवतं. त्यांचं बरोबर आहे. पण एकदा तोंडावर बोला की.

का सोडलं, तेही लिहून ठेवतो, नाहीतर पुढं मलाच पटणार नाही. रेक्टर बाईंनी रे.च्या कॉटखालच्या सगळ्या विटा बाहेर फेकल्या. खोलीत विंचू येतात म्हणे. मला कळलं तसा थेट ऑफिसात. काय बोललो आठवत नाही. टेबल ढकललं ते आठवतं, काच खाली आली. सर म्हणाले, माफी लिहून दे. मी म्हणालो, आधी विटा आणा. बॅग उचलली, गेटबाहेर. कोणी थांबवायला येईल म्हणून चहाच्या टपरीवर बराच वेळ बसलो. आली फक्त रे. आणि ती चिडलेली.

"माझं भांडण होतं ते. मी विटा उचलून आणणार होते, दुसरीकडे ठेवणार होते, विषय संपला असता. आता सगळं कॉलेज म्हणतंय तिच्यामुळं त्यानं शिक्षण सोडलं. हे उपकार मी मागितले होते का?"

मी म्हणालो, "उपकार नाहीत."
"मग काय आहे?"
तिथं बोलायचं होतं. तिथं नेमकं तोंड शिवलं गेलं.

२३ मार्च
तेव्हापासून मीही जमवतो. ती फेकलेल्यातल्या राहिल्या तेवढ्या घेऊन गेली. मी शून्यापासून. टेम्पोमुळं सोपं जातं, जिथं बांधकाम तिथं जुनं काहीतरी पाडलेलं असतंच. गच्चीवर पूर्वेच्या कठड्याला रचून ठेवल्यात. चांद आहे, मासा आहे, ७८६ आहे, ओम आहे, एकावर नुसता कुत्र्याचा पाय. ओली वाळत असताना कुत्रं वरून गेलं असणार. ती मला सगळ्यात आवडते.

नियम तिचेच पाळतो. विचारल्याशिवाय उचलायची नाही. विकत घ्यायची नाही. एका भट्टीची एकच ठेवायची, हावरटपणा नको. आणि फोटो म्हणजे वीट नव्हे. फोनवर फोटो जमवून मिरवणाऱ्यांना ती फार हसते. तिचा एक ग्रुप आहे अशा येड्यांचा. संगमनेरची एक बाई नद्यांची वाळू बाटल्यांत भरून ठेवते. एकजण किल्ल्या जमवतो, कुलपं हरवलेल्या. मलाही घेतलं होतं त्यात. अजून आहे. तिचा मेसेज आला की फोन खाली ठेवतो, मग परत उचलतो.

मम्मी गच्चीवर कुरडया घालायला आली. "लोकांची पोरं घरात चार पैसे आणतात, आमचं दगडं आणतंय."
"विटा आहेत."
"हां, मग ठीक आहे."

४ एप्रिल
तारकपूर स्टँडवर रे. दिसली. मी माल टाकून येत होतो, टेम्पो चुकीच्या बाजूला लावला आणि धावलो. बेलापूरला निघालेली, उद्या शनिवार म्हणून. गाडीवरच्या पाटीवर आता अहिल्यानगर आहे, कंडक्टर मात्र "चला नगरवाले उतरा" असंच ओरडत होता. त्यावर दोघंही हसलो. आधी हसलो, मग भांडण आठवलं.

म्हणाली, परीक्षा संपली की नाशिकला जाणार. साईटवर नोकरी मिळालीय. आईलाही नेणार, बेलापूरला मामांच्या घरी किती दिवस राहायचं.

मग स्वतःहूनच विटेवर आली. "आईचं अजून तेच चालू असतं. निघायच्या आधी एकदा मिळायला हवी होती."

ती वीट. मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. रे.चे वडील लग्न झाल्या वर्षी प्रवरेच्या काठाला भट्टीच्या धंद्यात उतरले आणि साच्यात बायकोचं नाव कोरून घेतलं : मंदा. गाव हसलं. लोक देवाचं नाव घालतात, ह्यानं बायकोचं घातलं. एकच हंगाम चालली भट्टी. होत्या तेवढ्या विकल्या-वाटल्या, घरी एक राहिली नाही. पुढं रे. तान्ही असताना ते गेले. आता मंदाकाकू सांगतात, तेव्हा त्यांचे भाऊच म्हणतात, असं काही नव्हतं, तुला भास होतो. रे. विटा जमवते ती खरं तर त्या एकीसाठी. बाकीच्या सगळ्या वाटेत भेटलेल्या.

गाडी लागली. चढताना म्हणाली, "आणि तू? कॉलेजला परत जाणार का नाही?"
"बघू."
"बघूच बघत बस."

१४ एप्रिल
जयंती. मिरवणुकीत गेलो, पांढरा शर्ट, निळा फेटा. पोरं ओढत होती, नाचलो नाही. दिल्ली गेटापाशी गर्दीत एका मुलीची वेणी अगदी तशी. ती नव्हती. घरी येऊन गच्चीवर पाणी मारलं. विटांनाही मारलं. ओल्या झाल्या की अक्षरं गडद होतात.

२ मे
सापडली.
सापडली सापडली सापडली.

नीट लिहितो. पाथर्डीच्या अलीकडे एका वस्तीवर सिमेंटच्या गोण्या उतरवायच्या होत्या. घरकुल मंजूर झालेलं, जुनं घर निम्मं पाडलेलं. घरातले ऊसतोडीवरून नुकतेच आलेले. अजून कोयते गाठोड्यात. जुनी भिंत विटांची, चिखलात बांधलेली, म्हणून विटा अख्ख्या सुटत होत्या. मी सवयीनं पायानंच एक उलटी केली.

मंदा.

गोणी खांद्यावर होती ती टाकली, फुटली. मामाच्या शिव्या आत्ताच खाऊन झाल्या.

म्हाताऱ्या बाबांना विचारलं, ह्या कुठून आल्या? "लई जुन्या हायेत. बेलापूरच्या अंगाला तोडीला गेल्तो, पट्टा पडला, तोड संपली, येताना ट्राली रिकामी. तितं भट्टी बंद होत हुती, त्यो मानूस म्हनला घिऊन जा. हिचं बाळंतपन व्हायचं हुतं, म्हनलं एक खोली तरी पक्की."
"एक घेऊ का बाबा?"
"एक? एकीचं काय करतो? चार ने, चुलीला हुतील."
"नको, एकच."
सुनेला हाक मारून म्हणाले, "आगं बग, नगरचा मानूस एक वीट मागतोय." सगळे हसायला लागले. मीही.

चांगली भाजलेली. लाल, एक कोपरा काळपट. नावाच्या शेजारी उजवीकडं एक खड्डा आहे, ओली असताना कोणाचा तरी अंगठा लागला असणार. माझा अंगठा ठेवून बघितला, सैल बसला. तेवढा एक डाग सोडला तर निर्दोष वीट.

येताना शेजारच्या सीटवर ठेवली. करंजी घाटात वळणावर एका हातानं धरून.

३ मे
रे.ला सांगितलं नाही. फोन हातात घेतला होता. फोटो काढून पाठवला असता तर झालं असतं, पण फोटो म्हणजे वीट नव्हे, आणि मला तिचा चेहरा बघायचाय. शेवटचा पेपर ९ ला. त्या दिवशी कॉलेजच्या गेटवर. जिथून बॅग घेऊन निघालो तिथंच. काही बोलणार नाही, नुसती हातात देणार. "वाच."

तिथं ती पहिल्यांदा काय म्हणेल ह्याचे मी आज शेवगावला जाऊन येईपर्यंत सगळे प्रकार करून बघितले.

वीट गच्चीवर ठेवलीय, रांगेत सगळ्यात वर, कुत्र्याच्या पायाच्या शेजारी.

६ मे
पप्पांनी मोठी टाकी आणलीय. पाणी एक दिवसाआड, तेही कधी येईल सांगता येत नाही. गच्चीवर तिच्यासाठी चौथरा बांधायचाय. भानुदास मिस्त्री आले, मूळचे पाथर्डीकडचे, सावेडीतली निम्मी घरं त्यांच्या हातची. मला म्हणाले, "संदेशशेठ, मामाकडून उद्या सकाळी थोड्या विटा आना. जरा कमी पडतील." पप्पा मम्मीला म्हणाले, "त्याला सांग, विसरू नको."

म्हटलं, सांगायला मी इथंच आहे. थोडं वाजलं.

७ मे
विसरलो.

रागानं की कशानं, खरंच आठवत नाही. सकाळी डोक्यात फक्त ९ तारीख. माल घेऊन थेट राहुरी. दुपारी घरी आलो तर गच्चीवर चौथरा उभा. गिलावासुद्धा अर्धा झालेला. कठड्याजवळ माझ्या विटा नाहीत.

मिस्त्री बिडी ओढत बसलेले. "तुमी आनल्या न्हाईत, मंग त्या व्हत्या त्या घेतल्या. वैनी म्हनल्या घ्या."
"कुठं लावल्या?"
"ह्यातच हायेत की."
"नाव कुठल्या बाजूला?"
ते माझ्याकडं बघतच राहिले. "नावाची बाजू वर. खळग्यात माल बसतो, वीट हलत न्हाई. कुनीबी तसंच लावतं."

मला ठाऊक आहे. पहिल्या सेमिस्टरला लिहिलंय मी, आकृती काढून. नाव वर, त्यावर माल, त्यावर पुढची वीट. भिंत बांधून झाली की जगातलं कोणी ते नाव वाचू शकत नाही.

मम्मी म्हणाली, "मला वाटलं तेवढीच जागा मोकळी होईल."

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. मम्मी रडली. ताट भिरकावलं. ते कुरडयांवर पडलं.

८ मे
पहाटेच पाथर्डीकडं निघालो. एक नको, चार न्या म्हणत होते बाबा. भिंत होती पूर्ण. आणि मी नियम पाळत बसलो.

भिंत नाही. सगळ्या विटा फोडून नव्या खोलीच्या पायात भराव घातलेला, धुमसानं ठोकून चेपलेला, वर कोबा ओतलेला. ओला होता अजून. बाबा म्हणाले, "काल आला असता तर." सुनेनं चहा दिला. यावेळी कोणी हसलं नाही.

परत येताना रस्त्यात टेम्पो थांबवून रे.ला फोन लावला. उद्या तिचा पेपर, लावायला नको होता. लावला.

"मंदा वीट सापडली होती."
"होती?"
सगळं सांगितलं. घाईघाईत, उलटसुलट, टाकी आधी, पाथर्डी नंतर.
"फोटो?"
"नाही काढला. तूच म्हणतेस ना..."
 मागं कुणीतरी पाठांतर करत होतं, काँक्रीटचे प्रकार.
"संद्या, मला भेटायला बोलवायचं असेल तर सरळ बोलव. माझ्या आईचं नाव मध्ये घेऊ नकोस."

कट.

खोटं बोलतोय असं वाटलं तिला. ह्या एका बाबतीत मी

८ मे, दुपार
घण घेऊन गच्चीवर गेलो. पाणी आलं म्हणून नवी टाकी सकाळीच वर चढवून भरलेली, खाली चौथरा उन्हात वाळतोय. घण उचलला. पाठीमागं चपलांचा आवाज. पप्पा ऑफिसातून जेवायला आलेले, मम्मीनं सांगितलं असणार. आता ऐकायला लागणार म्हणून मी तयारच होतो, मला तर कुणाशी तरी भांडायचंच होतं.

माझ्याकडं बघून म्हणाले, "आधी टाकी रिकामी करून घे."

माझ्याशी. मम्मीमार्फत नाही. आणि स्वतःच खाली बसून कॉक सोडला. एक दिवसाआड येणारं पाणी. खाली शेजारच्या काकू बादल्या घेऊन धावल्या, "अहो भाऊ, वाया चाललंय!" पप्पा म्हणाले, "चालू द्या वहिनी, भरून घ्या."

पाणी उतरेपर्यंत आम्ही दोघं कठड्याला टेकून उभे. त्यांनी विचारलं, "कोणाची वीट?" सांगितलं. बेलापूरची, तिचे वडील, नाव, गाव हसलं ते. रे.बद्दल काहीच बोललो नाही, पण कळलं असावं. म्हणाले, "मोठा माणूस होता म्हणायचा."

टाकी उतरवली. घण उचलला आणि तसाच धरून उभा राहिलो. पाथर्डीची भिंत चिखलातली होती, विटा अख्ख्या निघाल्या. ही सिमेंटातली. अजून दोन दिवस, की माल आणि वीट एकजीव. आत्ता मारला तरी कुठली वीट कुठं आहे माहीत नाही, आणि पहिल्या घावाला जी फुटेल ती हीच असेल तर.

ह्या हातांनी आजवर जे जे उचललं ते आपटलंय.

घण खाली ठेवला. ठेवला, टाकला नाही. आम्ही दोघांनी टाकी परत वर चढवली.

९ मे
गेटवर गेलो नाही. पेपर सुटायच्या वेळेला गच्चीवर होतो. चौथऱ्याला हात लावला. गिलावा गरम. मम्मीनं कुरडया परत घातल्यात, माझ्यासाठी मोकळी जागा सोडून. "तुझ्या विटा ठेवायला," म्हणाली. माफी मागितली तिची. म्हणाली, "जेव आता."

११ मे
रे.चा मेसेज. सकाळी, मी टेम्पो पुसत असताना.

"आईला सांगितलं तू काय म्हणालास ते. ती विचारते, विटेवर नावाशिवाय आणखी काय होतं?"

डोकं सणकलं. लिहिलं, 'माझी परीक्षा घेताय का दोघी?' लिहिलं आणि पुसलं. परत लिहिलं, 'विश्वास नसेल तर राहू दे.' तेही पुसलं. फडका पिळून वाळत घातला. नावाशिवाय काय असतं विटेवर? लाल होती. एक कोपरा काळा, तो तर कुठल्याही विटेचा असतो.

मग आठवलं.

"नावाच्या उजव्या बाजूला अंगठा. ओल्या विटेवर दाबलेला. माझ्यापेक्षा मोठा." पाठवलं. विचार न करता, सजवून नाही, तिचा चेहरा बघायचा म्हणून राखून न ठेवता.

दोन टिका. मग निळ्या.

काही नाही.

मग वर 'टायपिंग' आलं. गेलं. परत आलं. बराच वेळ तसंच. गेलं.

तो डाग आहे असं वाटलं होतं मला. चुकून लागला असेल म्हणून. आता वाटतंय, त्या माणसानं प्रत्येक विटेवर

११ मे, थोड्या वेळानं
अजून उत्तर नाही. फोन केला नाही. करणारही नाही.

मामाला सांगितलं आज टेम्पो नाही. मामा म्हणाला, "का रे, आज कुठली वीट?" म्हटलं, आज वीट नाही.

बेलापूरला निघालोय. एस.टी.नं. नाशिकला कधी जाणार ते विचारायचं राहिलं, कदाचित आज घराला कुलूप असेल. कदाचित तिचे मामा लोक दारातूनच परत पाठवतील. टपरीवर तिनं विचारलं होतं, मग काय आहे? त्याचं उत्तर अजून माझ्याकडंच आहे, तेवढं देऊन येतो. हातात काही नाही. आजवर तिच्याकडं मोकळ्या हातानं कधी गेलोच नव्हतो.

पप्पा बाहेरच्या खोलीत पेपर वाचतायत, आज रविवार. विचारलं, "कुठं?"
"बेलापूरला."
"पाण्याची बाटली घे."

घेतली. वही आता कपाटात. चप्पल घालतो, बाहेर पडतो, दार ओढून घेतो.